नव्या सरकारी कर्मचाऱ्यासाठी : निवृत्तीची तजवीज रुजू झाल्या दिवसापासून

निवृत्तीचे प्रकरण अडते ते अठ्ठावन्नाव्या वर्षी, पण ज्या कागदासाठी अडते तो बहुतेक वेळा नोकरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांतला असतो. रुजू दिनांकाची खाडाखोड, न नोंदलेली वैद्यकीय तपासणी, लग्नानंतर न बदललेले नामनिर्देशन, कापले गेले पण खात्यात न पोचलेले अंशदान (निवृत्तीसाठी पगारातून जाणारा हप्ता). त्या वेळी दुरुस्तीला अर्धा तास लागला असता. तीस वर्षांनी त्याच दुरुस्तीसाठी तीन कार्यालयांत जुनी दप्तरे शोधावी लागतात, आणि तोवर ते कार्यालय दुसऱ्या इमारतीत गेलेले असते.

हा लेख महाराष्ट्र शासनाच्या सेवेत नव्याने आलेल्यांसाठी आहे. जिल्हा परिषदेतल्या आणि अनुदानित शाळांतल्या कर्मचाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडते. शाळेत पगाराची प्रणाली ‘सेवार्थ’ऐवजी ‘शालार्थ’ असते, एवढा फरक धरून वाचावे.

पहिल्या आठवड्यात : आपल्याला नक्की काय लागू आहे?

राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना १९८२ च्या नियमांनुसारचे जुने निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधी लागू नाही. त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना आली, तीच पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये मिळवण्यात आली. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता या रकमेच्या १० टक्के तुमच्या पगारातून कापले जातात आणि १४ टक्के शासन भरते. शासनाचा हा वाटा आधी १० टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून तो १४ झाला.

‘आम्हाला तर काहीच नाही’ असे अनेक नवे कर्मचारी म्हणतात, ते खरे नाही. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसधारकांनाही सेवानिवृत्ति उपदान (ग्रॅच्युइटी) मिळते. सेवेत असताना मृत्यू झाला तर मृत्यू उपदान आणि कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते, आजारपणामुळे सेवा सोडावी लागली तर रुग्णता निवृत्तिवेतन मिळते. अर्जित रजेचे रोखीकरण आणि गटविमा हे तर आधीपासूनच आहेत.

शिवाय १ मार्च २०२४ पासून राज्याने सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आणली. तिच्यात शेवटच्या वेतनाच्या ५० टक्क्यांपर्यंत हमी आहे, पण ती आपोआप लागू होत नाही, विकल्प द्यावा लागतो. म्हणून रुजू होताच आस्थापना शाखेत विचारा की विकल्पाचा नमुना कोणता आणि त्याची मुदत काय. दिलेल्या विकल्पाची पोच घ्या आणि त्याची नोंद सेवापुस्तकात, म्हणजे तुमच्या नोकरीच्या नोंदवहीत, झालेली डोळ्यांनी पाहा. केंद्राच्या नोकरीत गेलेल्यांसाठी मुदत फार कमी आहे. १ एप्रिल २०२५ पासून रुजू होणाऱ्याला एकीकृत निवृत्तिवेतन योजना हवी असेल तर ३० दिवसांत विकल्प द्यावा लागतो, नाही दिला तर एनपीएस धरली जाते. त्या योजनेत २५ वर्षांच्या सेवेला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, आणि किमान १० वर्षांच्या सेवेला दरमहा किमान १०,००० रुपये अशी हमी आहे.

यातली कोणतीही योजना घेतली तरी हिशेब तीनच गोष्टींवर चालतो : सेवा किती वर्षांची मोजली गेली, अंशदान किती आणि केव्हा जमा झाले, आणि वेतन बरोबर निश्चित झाले होते का. पुढचे सगळे याच तिघांभोवती आहे.

प्रान क्रमांक आणि हरवणारे हप्ते

एनपीएसचा खाते क्रमांक म्हणजे प्रान, बारा आकडी. त्याचा अर्ज आहरण व संवितरण अधिकाऱ्यामार्फत (कार्यालयाची पगार देयके काढणारा अधिकारी) जातो. अर्जातले नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी, आधारशी आणि पॅनशी अक्षरशः जुळले पाहिजे. आधारवर आडनाव आधी आणि पॅनवर शेवटी असे असेल तर ते आत्ताच एकसारखे करून घ्या.

खासगी नोकरीत असताना किंवा बँकेतून तुम्ही आधीच एनपीएस खाते काढले असेल तर नवे प्रान मागू नका. एका व्यक्तीला एकच प्रान असते. जुनेच खाते शासकीय क्षेत्रात वर्ग करण्याचा अर्ज द्यायचा. हे न सांगता दुसरा अर्ज केला की तो फेटाळला जातो, आणि तोवर कपात लांबते.

प्रान मिळाले म्हणजे काम संपले, असेही नाही. ते सेवार्थमध्ये तुमच्या नावापुढे चढले पाहिजे. नंतर दर महिन्याला असे होते : पगार देयकात कपात दिसते, देयक कोषागारात जाते (मुंबईत अधिदान व लेखा कार्यालयात), तिथून अंशदानाची फाइल एनपीएसच्या खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रीय अभिलेख संस्थेकडे आणि पैसे विश्वस्त बँकेकडे जातात. फाइल आणि पैसे जुळले तरच तुमच्या खात्यात युनिट (गुंतवणुकीचे भाग) पडतात. एखाद्याचे प्रान चुकले, फाइलमधली बेरीज आणि भरणा जुळला नाही, किंवा बदली झाल्यावर जुन्या कार्यालयाने तुम्हाला सेवार्थमधून मोकळे केले नाही, तर पगारपत्रकावर कपात दिसते आणि खात्यात मात्र काही नसते. बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. पगारपत्रक हे कपातीचा पुरावा आहे, जमेचा नाही.

एका हप्त्याची किंमत पाहा. लिपिकाचे मूळ वेतन १९,९०० आणि महागाई भत्ता समजा ५० टक्के, म्हणजे २९,८५० रुपये. त्याचे १० टक्के २,९८५ आणि १४ टक्के ४,१७९, मिळून ७,१६४. वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर हे ७,१६४ रुपये तीस वर्षांत सुमारे ७२ हजार होतात. म्हणजे सुरुवातीचे दहा महिने राहून गेले तर शेवटी सात लाखांच्या आसपास रकमेचा खड्डा पडतो. उशिरा जमा झाले तरी नुकसान असतेच, कारण युनिट जमा होण्याच्या दिवसाच्या भावाने मिळतात.

म्हणून एक साधी वही किंवा तक्ता ठेवा. पाच रकाने पुरेत : महिना, मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, तुमचे अंशदान, शासनाचे अंशदान, खात्यात जमा झाल्याची तारीख. दर तीन महिन्यांनी संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर जाऊन शेवटचा रकाना भरा. महागाई भत्त्याच्या आणि वेतनवाढीच्या फरकाची देयके वेगळी निघतात, त्यांच्यावरचे अंशदान सर्वांत जास्त चुकते. त्यांच्यासाठी वेगळी ओळ ठेवा.

हप्ता दिसत नसेल तर तोंडी विचारून थांबू नका. आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्या. त्याला त्या महिन्याचे पगारपत्रक जोडा आणि देयकाचा प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक व दिनांक लिहा. हा क्रमांक कार्यालयाच्या नोंदीत किंवा कोषागारात मिळतो. त्याच्याशिवाय कोषागाराला तुमचे देयक शोधता येत नाही आणि अर्ज टेबलावर पडून राहतो. बदली होताना अंतिम वेतन प्रमाणपत्रात प्रान आणि ‘अमुक महिन्यापर्यंत कपात केली’ असे दोन्ही लिहून घ्या.

सेवापुस्तक : इथे वेळ काढा

सगळ्या हक्कांचे मूळ या एका पुस्तकात आहे. ते कार्यालयाच्या ताब्यात असते, म्हणून ‘साहेब बघतील’ असे धरून चालतात. ते पाहण्याचा आणि वर्षातून एकदा तपासून सही करण्याचा तुम्हाला अधिकार आहे. सही करण्याआधी वाचा. शक्य तितक्या लवकर दुय्यम प्रत करून घ्या, ती अद्ययावत ठेवा, आणि मूळ पुस्तकातल्या प्रत्येक नव्या पानाची छायाप्रत घरी ठेवा. पूर, आग आणि कार्यालयांची विभागणी यांत सेवापुस्तके हरवतात, आणि नव्याने सेवापुस्तक तयार करायला त्या छायाप्रतीच कामी येतात.

पहिल्या पानावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आणि ती कोणत्या पुराव्यावरून घेतली हे लिहिलेले असावे. इथे एक कडक मुदत आहे : जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत द्यावा लागतो. नंतर खरी चूक असली तरी तो सहसा ऐकला जात नाही. निवृत्तीची तारीख याच नोंदीवरून ठरते. राज्यात गट अ, ब, क साठी ५८ आणि गट ड साठी ६० वर्षे, ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्याच्या अखेरच्या दिवशी. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्याच महिन्याच्या अखेरीस.

मग आतली पाने. नियुक्ती आदेशाचा क्रमांक आणि दिनांक, रुजू दिनांक आणि तो मध्यान्हपूर्व की मध्यान्हनंतर, वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, लागू असेल तर जात वैधता, संगणक अर्हता, मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण किंवा सूट, सेवाप्रवेशोत्तर परीक्षा, आणि पुढे स्थायित्व प्रमाणपत्र (नोकरीत कायम झाल्याचे). यांतल्या परीक्षा मुदतीत न झाल्यास वेतनवाढ रोखली जाते. सूट मिळाली पण तिची नोंदच झाली नाही, तर वर्षानुवर्षे घेतलेल्या वेतनवाढी पुढे तपासणीत ‘अनुज्ञेय नव्हत्या’ असे ठरते.

प्रत्येक वर्षाच्या अखेरीला ‘देयकांवरून सेवा पडताळली’ असा शेरा आणि कार्यालयप्रमुखाची सही हवी. बदलीच्या वर्षी हा शेरा हमखास सुटतो. जुने कार्यालय म्हणते नव्या कार्यालयाने करावे, नवे म्हणते तुमची देयके तिकडे आहेत. म्हणून कार्यमुक्त होण्यापूर्वी, तिथेच असताना, त्या दिवसापर्यंतची पडताळणी करून घ्या. विनापरवानगी गैरहजेरीचा कालावधी कसा नियमित केला याचा आदेशही चिकटवलेला असावा. असाधारण रजेच्या काळात वेतन नाही म्हणून अंशदानही नाही, हे रजा मागताना ध्यानात असू द्या.

नामनिर्देशन एक नसते, तीन-चार असतात

एनपीएसचे वेगळे, उपदानाचे वेगळे, गटविम्याचे वेगळे, पगाराच्या बँक खात्याचे वेगळे. एका ठिकाणी भरले म्हणजे सगळीकडे झाले असे होत नाही. अविवाहित असताना बहुतेकजण आईवडिलांचे नाव देतात, ते योग्यच. पण एनपीएसमध्ये लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्न झाल्यावर रद्द ठरते, नवे भरावे लागते. उपदानाचेही कुटुंब झाल्यावर बदलावे लागते. लग्नाच्या रजेवरून परत आल्यावर पहिल्या आठवड्यात हे काम उरकावे. घरात दुःख झालेले असताना पत्नीला आणि सासूसासऱ्यांना एकमेकांसमोर कागद घेऊन उभे करणे यापेक्षा वाईट काही नाही, आणि ते एका फॉर्मने टळते.

हिश्शांची बेरीज १०० टक्के यावी. वारस अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल तर पालकाचे नाव द्यावे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी राजपत्राची प्रत सेवापुस्तकात, प्रानमध्ये, पॅनमध्ये आणि बँकेत सगळीकडे एकदमच लावावी. नाहीतर जुन्या नावाच्या खात्यावर नव्या नावाचे अंशदान अडते.

कुटुंबनिवृत्तिवेतन मात्र नामनिर्देशनाने नव्हे, नियमातल्या क्रमाने मिळते. त्यासाठी कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना भरायचा आणि प्रत्येक अपत्याच्या जन्मानंतर अद्ययावत करायचा. अपत्याला दिव्यांगत्व असेल तर प्रमाणपत्राची नोंद तुम्ही सेवेत असतानाच करून ठेवा. अशा अपत्याला पुढे आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते, पण नोंद नसेल तर ते सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर येते.

मृत्यू झाल्यास कुटुंबाला कुटुंबनिवृत्तिवेतन हवे की एनपीएसमधली जमा रक्कम, हा विकल्प आधीच लिहून द्यावा. आमचे मत स्पष्ट आहे : सेवेची थोडी वर्षे झालेल्याने कुटुंबनिवृत्तिवेतनच निवडावे. वरच्या उदाहरणातल्या लिपिकाच्या खात्यात दोन वर्षांनी जेमतेम पावणेदोन लाख असतील, ते किती दिवस पुरणार? कुटुंबनिवृत्तिवेतन दरमहा येते आणि त्यावर महागाई वाढही मिळते.

गटविम्याची कपात पगारपत्रकात पाहा. त्याचे पूर्ण सभासदत्व रुजू झाल्यानंतरच्या जानेवारीपासून सुरू होते, तोवर फक्त विम्यापुरती लहान कपात होते. पदोन्नतीने गट बदलला की नव्या दराने कपात सुरू झाली का, हेही बघावे.

दुसरी परीक्षा देणाऱ्यांनी हे नक्की वाचावे

लिपिक म्हणून रुजू होऊन राज्यसेवेचा किंवा दुसऱ्या पदाचा अभ्यास करणारे खूप आहेत. निवड झाली की आनंदात साधा राजीनामा देऊन मोकळे होतात, आणि त्याबरोबर आधीची सेवाही जाते. साध्या राजीनाम्याने मागची सेवा जप्त होते. नव्या पदाचा अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयाच्या परवानगीने गेला पाहिजे. आधीच अर्ज केला असेल तर रुजू झाल्यावर लगेच लेखी कळवावे. निवड झाल्यावर ‘अमुक शासकीय पदावर रुजू होण्यासाठी’ असा तांत्रिक राजीनामा द्यावा, आणि कार्यमुक्तीच्या आदेशात तेच शब्द यावेत. रजा शिल्लक, वेतनसंरक्षण आणि उपदानासाठीची सेवा त्या एका वाक्यावर टिकते. प्रान तेच राहते.

निवृत्तीच्या वयाआधी नोकरी सोडून एनपीएसमधूनच बाहेर पडायचे झाले, तर जमा रकमेच्या किमान ८० टक्क्यांची वार्षिकी (विमा कंपनीकडून आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारी योजना) घ्यावी लागते, हाती फार तर २० टक्के येतात.

वेतननिश्चिती आणि मागाहून येणारी वसुली

नवीन वेतन आयोग, पदोन्नती, आश्वासित प्रगती योजना (पदोन्नती न मिळताही ठरावीक वर्षांनी वरचे वेतन), या प्रत्येक वेळी वेतन नव्याने निश्चित होते. हिशेब स्वतः करून पाहा आणि शंका असेल तर त्याच वर्षी लेखी विचारा. मग सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाऊन शिक्का बसला की नाही हे पाहा. पथकाने आक्षेप काढला तर तो नोकरीच्या मध्यावर मिटवता येतो, शेवटच्या महिन्यात तो थेट उपदानातून वसुली म्हणून येतो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सांगितले की गट क आणि ड च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या जादा प्रदानाची वसुली करता येत नाही. पण २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात, जादा रक्कम परत करीन असे वचनपत्र ज्याने लिहून दिले त्याला ते बांधील धरले गेले. वेतननिश्चितीच्या वेळी असे वचनपत्र जवळजवळ सगळेच देतात. म्हणून निकालावर विसंबून राहू नका, निश्चितीच बरोबर करून घ्या.

रजेचे खाते

अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस जमा होते आणि ३०० दिवसांपर्यंत साठते. निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन ६०,००० आणि महागाई भत्ता ३०,००० असेल, तर ३०० दिवसांचे ९ लाख रुपये मिळतात, आणि ते पूर्ण आयकरमुक्त. म्हणजे शिल्लक राहिलेला एकेक दिवस ३,००० रुपयांचा. घरात कोणी आजारी असताना रजा जपत बसू नये, पण नैमित्तिक रजेत भागणाऱ्या कामासाठी अर्जित रजा टाकू नये. शिक्षकांचे दीर्घ सुटीमुळे हिशेब वेगळे असतात.

साठा किती लागेल?

निवृत्तीला एनपीएसमधली किमान ४० टक्के रक्कम वार्षिकीत जाते, उरलेली ६० टक्क्यांपर्यंत हाती येते. समजा ५० लाख जमले. २० लाखांची वार्षिकी साडेसहा टक्के दराने धरली तर महिन्याला सुमारे १०,८०० रुपये. ही रक्कम पुढे वाढत नाही. महागाई ६ टक्के राहिली तर बारा वर्षांनी तिची खरेदीशक्ती अर्धी होते. जुन्या निवृत्तिवेतनातला खरा आधार महागाई वाढीचा होता, म्हणून विकल्प देताना हमीची योजना आणि निव्वळ एनपीएस यांची तुलना करताना फक्त पहिल्या महिन्याचा आकडा बघू नका, पंच्याहत्तराव्या वर्षीचा काढून बघा.

मधल्या काळात स्वतःच्या अंशदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम शिक्षण, लग्न, घर, आजारपण अशा ठरावीक कारणांसाठी काढता येते. गाडीसाठी किंवा घराच्या रंगरंगोटीसाठी हे दार उघडू नका. केंद्राच्या एकीकृत योजनेत तर अशी रक्कम परत न भरल्यास हमीची रक्कमच त्या प्रमाणात घटते.

शासनाच्या १४ टक्के वाट्यावरची वजावट नव्या करप्रणालीतही मिळते, ती आयकर विवरणात दाखवायला विसरू नका. एनपीएसबाहेर, प्रत्येक वेतनवाढीतला अर्धा भाग सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत किंवा म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात वळवला तर घरखर्चाला चिमटा बसत नाही. स्वतःचा आरोग्य विमा पन्नाशीच्या आत घ्या. आधीपासूनच्या आजारांना विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लावू शकते, ती नोकरीत असतानाच संपलेली बरी.

शेवटची दोन वर्षे

तोवर वरचे सगळे जागेवर असेल तर इथे फार काही उरत नाही. सेवापुस्तक निवृत्तीआधी दोन वर्षे तपासायला काढा. शासकीय निवासस्थान, अग्रिमे, ग्रंथालय, भांडार यांची ना-देय प्रमाणपत्रे आणि विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचे प्रमाणपत्र गोळा करा. चौकशी चालू असेल तर उपदान तिच्या निकालापर्यंत थांबते. उपदानाचे प्रकरण महालेखापालांकडे (मुंबई, आणि विदर्भ व मराठवाड्यासाठी नागपूर) किमान सहा महिने आधी पोचावे. एनपीएसमधून बाहेर पडण्याचा ऑनलाइन अर्जही सहा महिने आधीपासून भरता येतो. वार्षिकी निवडताना पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंत आणि नंतर मूळ रक्कम वारसांना परत, हा पर्याय आधी बघा. त्यात दरमहा रक्कम थोडी कमी येते, पण मागे राहणाऱ्याचा हात रिकामा राहत नाही. अर्ज भरण्याआधी आधार, पॅन, प्रान आणि बँक पासबुक चारही समोर ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर एकदा ताडून पाहा.